खालाचे खाडे

मागच्या रमजानच्या आधी पुण्याहून भाचीचा फोन आला. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. खासगी कंपनीत कायद्याने आता सव्वीस आठवड्यांची रजा मिळते. 2017 पर्यंत ती बाराच आठवड्यांची होती. भाची म्हणाली, "खाला, बाई बघतेय बाळासाठी. एजन्सीवाला बारा तासांचे अठरा हजार सांगतो. शिवाय एका महिन्याचा पगार त्याचं कमिशन. परवडत नाही गं. तू कशी ठेवली होतीस आमच्या लहानपणी? किती द्यायचीस?"

मी म्हटले, बघून सांगते. खरे तर बघायची गरज नव्हती, आकडा मला पाठ होता. पण तो फोनवर सांगायला जीभ उचलेना.

रात्री लोखंडी कपाट उघडून हिशोबाच्या जुन्या वह्या काढल्या. मी प्राथमिक शिक्षिका, वह्या फेकत नाही. 2004 सालच्या वहीत फेब्रुवारीच्या पानावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेले आहे: दूध 310, रॉकेल 90, एस. टी. पास 240, खाला 600.

खाला म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. मिरजेत दर्ग्याच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहणारी ती विधवा बाई. वय पन्नाशीच्या पुढचे. लग्नकार्यात रोट्या लाटायला जायची. आमच्या शेजारणीने तिला आणले आणि उंबऱ्यातच ओळख करून दिली, "ही खाला. बच्चे को अपना समझके देखेगी." त्या दिवसापासून ती आमची सगळ्यांची खाला झाली. माझी, यांची, मुलांची, अगदी दूधवाल्याचीही. तिचे खरे नाव मला पाच वर्षांनी कळले, तेही एका सरकारी अर्जामुळे. त्याविषयी पुढे येईलच.

नात्याचे नाव दिले की किती सोय होते, हे आता लक्षात येते. बाईला पगार विचारावा लागतो, खालाला विचारावा लागत नाही. बाईची सुट्टी ठरवावी लागते, खाला सवडीने जाते. आमच्या हिंदू मैत्रिणींकडे तिला मावशी म्हणतात. गोष्ट तीच. मी काही जाणूनबुजून लबाडी केली नाही. प्रेमानेच म्हटले आणि तिनेही ते प्रेमानेच घेतले. पण त्या प्रेमाची किंमत प्रत्येक महिन्याला तीच भरत होती.

तेव्हाची माझी परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर मी अगदीच कसाबकरणी वाटेन. 2001 साली मी शिक्षणसेवक म्हणून लागले. ही योजना सरकारने 2000 साली आणली होती. तीन वर्षे कायम शिक्षकाचेच काम करायचे आणि मानधन महिना 3000 रुपये. आम्ही सगळे शिक्षणसेवक पंचायत समितीच्या पायऱ्यांवर बसून त्या योजनेला शिव्या द्यायचो. वेठबिगारी म्हणायचो. मोर्च्यालाही गेले होते मी, पोटात सातवा महिना असताना. नोव्हेंबर 2003 मध्ये मुलगी झाली. तीन महिने रजा मिळाली. सासू हयात नव्हती. अम्मी कराडला, तिच्या गळ्यात अब्बांचा लकवा. आमचे हे एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये, आठवड्याला पाळी बदलणार. शाळा मालगावच्या पुढे. सकाळी सव्वानऊला घर सोडायचे ते संध्याकाळी सहाला परत.

म्हणजे रोजचे नऊ तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सव्वादोनशे तास. सहाशे रुपयांना सव्वादोनशे तास, तासाला पावणेतीन रुपयेसुद्धा नाहीत. हा हिशोब मी या वर्षी केला. चौथीच्या पोरांना असली गणिते मी वीस वर्षे घालत होते, घरातले मात्र कधी सोडवले नाही.

तरीही 2004 च्या फेब्रुवारीपुरते मी स्वतःला माफ करते. 3000 मधले 600 म्हणजे पाचातला एक रुपया. माझ्याकडेच नव्हते, तर देणार कुठून?

त्याच वर्षी जुलैत खाला दोन दिवस आली नाही. निरोपही नाही. मोबाइल तेव्हा आमच्या घरात एकच होता, तिच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या दोन किरकोळ रजा गेल्या. दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला मुलीला कडेवर घेऊन मी तिच्या घरी निघाले. डोक्यात राग होता. काय काय बोलायचे ते वाटेत जुळवत होते.

खोलीचे दार उघडे होते. खाला गोधडी पांघरून पडलेली, अंगात ताप. आणि दारात, आठ-नऊ महिन्यांचे एक बाळ कडेवर घेतलेली, नऊएक वर्षांची मुलगी. बाळाच्या वजनाने तिचे कंबरडे एका बाजूला कललेले. मी विचारले, "शाळा?" ती नुसती बघत राहिली.

ती खालाची नात. खालाची मुलगी इचलकरंजीहून तोंडी तलाक घेऊन दोन पोरींसह परत आली होती आणि मिरजेतल्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव, आयाचे काम तिथे लगेच मिळते. खाला घरी असती तर तिनेच दोन्ही नाती सांभाळल्या असत्या. पण खाला माझ्या घरी होती. म्हणून धाकटीला थोरली सांभाळत होती, आणि थोरलीची शाळा फेब्रुवारीत सुटली होती.

फेब्रुवारीत, बरोबर माझी रजा संपली तेव्हा.

हे इथे थांबून सांगते, कारण ते माझ्या मनातून आजही हलत नाही. त्या काळात सर्व शिक्षा अभियान जोरात होते. आम्ही शिक्षक गावात घरोघर फिरून शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करायचो. तक्त्यात एक रकाना असायचा, शाळेत न येण्याचे कारण. त्यात ठरावीक कारणे असत: गरिबी, स्थलांतर, घरकाम, लहान भावंडे सांभाळणे. त्या शेवटच्या कारणापुढे मी कितीतरी मुलींची नावे लिहिली असतील. त्यांच्या आयांना ओट्यावर बसवून भाषण दिले असेल, "मुलीला शिकवा, ती शिकली तर घर शिकेल." आणि इकडे माझ्या लेकीला कुणीतरी सांभाळावे म्हणून एक पोर मीच शाळेतून काढली होती. मी काढली नव्हती हे खरे, पण ती सुटली माझ्यामुळेच. त्या रकान्यात माझे नाव लिहायला जागा नव्हती, एवढेच.

रागाने जुळवलेले सगळे विसरले. खालाला म्हटले, "बरी झालीस की धाकटीला घेऊनच ये माझ्या घरी. थोरलीला शाळेत घालते मी."

हे वाचून कुणी मला शाबासकी देऊ नये. कारण पुढचे आठ महिने मी मनातून कुरकुरत होते. दुधाचा रतीब अर्धा लिटर वाढला. पाळणा एकच होता. संध्याकाळी आले की आधी माझ्या मुलीचे पोट चाचपून बघायची, भरलेले आहे का. बिस्किटाच्या डब्यावर पेन्सिलने रेघ मारून ठेवायची. शेजारीण म्हणायची, "एका पगारात दोन बच्चे पोसतेस होय गं?" आणि मला ते खरे वाटायचे. एकदा ऑगस्टमध्ये मी लवकर घरी आले तर माझी मुलगी झोपलेली आणि खाला नातीला मांडीवर घेऊन भात भरवत होती. मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा तिने वाचला. पटकन नातीला खाली ठेवले आणि म्हणाली, "तेरी का पहले हुआ बेटी. कसम से, पहले उसी का हुआ."

माझ्या घरात, स्वतःच्या नातीला दोन घास घातल्याबद्दल तिला शपथ घ्यावी लागली.

थोरलीला मी महानगरपालिकेच्या उर्दू शाळेत नेऊन बसवले. हेडमास्तरांनी तिसरीत घेतले. सातवीपर्यंत ती शिकली. पुढची शाळा लांब, आईची रात्रपाळी, धाकटी घरात. आठवीला ती गेली नाही. शिवणकाम शिकू लागली. शिक्षणाचा हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला तेव्हा तिचे वय उलटून गेले होते. मी तेव्हा काही केले का? नाही. माझा मुलगा लहान होता.

मुलगा 2007 चा. खालाचा पगार तोवर 700 झाला होता. मुलगा झाल्यावर मी तो 900 केला. दोन मुले, वर दोनशे रुपये. खालाने दुआ दिली. आपण फार उदार झालो, असे मला वाटले.

माझा पगार मात्र निराळ्या रस्त्याने चालला होता. जून 2004 मध्ये मी नियमित झाले आणि पगार आठ हजारांच्या घरात गेला. 2009 मध्ये राज्याने सहावा वेतन आयोग लागू केला, 1 जानेवारी 2006 पासूनचा. पगार सतरा हजारांच्या घरात गेला. फरकाची रक्कम हातात आली नाही, पाच हप्त्यांत भविष्यनिर्वाह निधीत जमा होणार होती. म्हणून मी खालाला सांगायची, "आयोग आयोग नुसतं नाव, हातात कुठं काय आलंय!" ती मान डोलवायची. सतरा हजारांतले नऊशे म्हणजे एकोणिसातला एक रुपया. तीन हजार मिळत होते तेव्हा पाचातला एक दिला आणि सतरा मिळाले तेव्हा एकोणिसातला एक. गरिबीत मी तिच्याशी जास्त प्रामाणिक होते.

त्याच वर्षीचे सप्टेंबरचे पान उघडले आणि वही मिटावीशी वाटली.

2009 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला मिरजेत काय झाले ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून वाद पेटला, दंगल झाली, संचारबंदी लागली. रमजान चालू होता. आम्ही दारे लावून घरात बसलो. इफ्तारला खजूर संपले तर पाण्यावर रोजा सोडला. शाळा बंद. खाला तिच्या खोलीत, आम्ही आमच्या घरात, मध्ये एवढासा रस्ता आणि त्यावर पोलीस. ती कशी आहे याची काळजी मला होती. खोटे सांगत नाही, तिच्यासाठी मी दुआ केली.

आणि वहीत त्या महिन्याला माझ्याच अक्षरात आहे: खाला 900, खाडे 7, वजा 210, दिले 690.

कर्फ्यूचे खाडे. शाळा तर माझीही बंद होती आणि पगार माझा पूर्ण आला होता. रोजचे तीस रुपये कापताना हात थरथरला असेल असे म्हणावेसे वाटते, पण अक्षर अगदी स्थिर आहे. सवयीने झाले. महिन्याच्या शेवटी कॅलेंडरवरच्या फुल्या मोजायच्या आणि वजाबाकी करायची. फुलीमागे काय होते, हे गणितात येत नाही.

वर मी त्याच ईदला तिला साडी दिली आणि दोन हजार रुपये दिले. दागिने आणि बँकेतली शिल्लक मिळून त्या वर्षी माझी जकात साडेतीन हजारांच्या आसपास निघत होती. त्यातले दोन हजार मी दर वर्षी खालाला द्यायची. विधवा, गरीब, हकदार. मनात हिशोब असा होता की वर्षाचे दोन हजार म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर. मग तिला खरे तर हजाराच्या पुढेच पडतात की! पगार न वाढवण्याचे माझे हे कारण होते आणि त्यावर मजहबचा शिक्काही मारला होता.

आमच्या मोहल्ल्यात एक आलिमा दर मंगळवारी बायकांना कुरआन समजावून सांगायच्या. दंगलीनंतर बरेच आठवडे वर्ग बंद होता. तो सुरू झाला त्या दिवशी जकातीचा विषय निघाला आणि मी जरा अभिमानानेच माझे उदाहरण दिले. त्यांनी शांतपणे विचारले, "तुमच्याकडे कामाला आहे ना ती? मग हे पैसे नसते दिले तर पगार किती दिला असता?"

मी म्हटले, "थोडा वाढवला असता."

"मग ती जकात कुठं झाली? तो तिचा मेहनताना झाला. जकातीच्या बदल्यात काही घेता येत नाही, काम पण नाही." मग थोडे थांबून म्हणाल्या, "जकात तुमच्या गळ्यात आहेच. आणि तिचा पगार पण."

वर्गात पंधरा-वीस बायका होत्या. त्यातल्या निम्म्यांच्या घरात कुणी ना कुणी कामाला होती. कुणी काही बोलले नाही. ओढण्या सावरल्या गेल्या.

कामवालीला जकात देऊच नये असे त्या म्हणाल्या नव्हत्या. ती गरजू असेल तर जरूर द्यावी, पण पगार पूर्ण देऊन, वरून, कामाशी काही संबंध न ठेवता. मसला साधा आहे. फक्त तो लागू केला की पदरचे पैसे जातात.

त्यांनी त्या दिवशी सूरह तलाकमधल्या एका आयतीकडे आमचे लक्ष वेधले. तलाक झालेली बाई आपल्याच बाळाला दूध पाजत असेल तर बापाने तिला त्याची मजुरी द्यावी आणि दोघांनी ती आपसात रीतीने, भलेपणाने ठरवावी, असा तिथे हुकूम आहे. जन्मदात्या आईच्या दुधाचीसुद्धा मजुरी! आणि ती ठरवून द्यायची, मेहरबानी म्हणून नाही. मला एकदम खालाची मुलगी आठवली, धाकटी अंगावर पीत असताना नवऱ्याने रस्त्यावर काढलेली. तिला कोणी मजुरी दिली होती? आमच्या समाजात तलाकचे मसले सगळ्यांना तोंडपाठ आहेत, ही आयत मात्र मी वयाच्या तिशीनंतर पहिल्यांदा ऐकली.

रबीउल अव्वलमध्ये आमच्याकडे घरोघर मौलूद होतो. दाई हलीमाचा किस्सा आला की बायकांचे डोळे भरून येतात. बनू सअद कबिल्याच्या दाया मक्केत आल्या, प्रत्येकीने बाळ घेतले, यतीम बाळ मागे राहिले, हलीमा सादियाने ते उचलले आणि तिच्या मरतुकड्या गाढवीला वाऱ्याचे पाय फुटले. हे सगळे आम्ही ऐकत आलो. पण त्या बाकीच्या दायांनी यतीम बाळ का नाकारले? कारण दाईला मोबदला द्यायचा तो बाळाच्या बापाने, आणि इथे बापच नव्हता. सीरतच्या किताबांत हे स्पष्ट येते. त्या बाया वाईट नव्हत्या. दुष्काळाचे साल होते आणि त्या कामाला आल्या होत्या. हलीमाही कामालाच आली होती. तिची ममता खरी आणि तिची गरजही खरी, किस्सा दोन्ही सांगतो. आम्ही मौलूदमध्ये अर्धाच सांगतो. पुढे दुष्काळात हलीमा भेटायला आली तेव्हा हजरत खदीजांनी तिला चाळीस बकऱ्या आणि एक उंट दिला, असेही सीरतमध्ये आहे. आणि हुनैनच्या लढाईनंतर हलीमाची मुलगी शैमा कैद्यांत सापडली, तेव्हा हुजूरांनी आपली चादर अंथरून तिला बसवले. दाईच्या मुलीलाही विसरायचे नसते.

आलिमांच्या वर्गानंतर मी घरी येऊन यांच्याशी बोलले. हे म्हणाले, "मी तर तुला पयलेच बोलणार होतो." नवरे असे नंतर पयलेच बोलणार असतात. जानेवारी 2010 पासून खालाचा पगार 2000 केला आणि आठवड्याची एक सुट्टी धरली. कापलेले 210 रुपये परत दिले. माझी कल्पना, ती खूश होईल. ती घाबरली. पैसे हातात धरून म्हणाली, "क्या हुआ बेटी? मेरेकू काम से निकालते क्या?"

तिला आयुष्यात जास्तीचे पैसे मिळाले ते हिशोब मिटवतानाच.

समजावून सांगितले तेव्हा खाली बसली. म्हणाली, 210 नक्को, कर्फ्यूत मी आलेच नव्हते ना. कामाशिवाय पैसे घेणे तिला हराम वाटत होते. मी शिकलेली, मला कामाचे पैसे कापणे हराम वाटले नव्हते.

सरकारी अर्जाचे सांगायचे राहिले. महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली केला. त्याखाली नोंद झाली तर काही मदत मिळते असे शाळेत एका बाईंनी सांगितले. नोंदणीला वयाची अट 18 ते 60 आणि जिच्याकडे काम करते तिचा दाखला. दाखला लिहिताना मी खालाला नाव विचारले. पाच वर्षे माझी मुले जिच्या कडेवर वाढली तिचे नाव मी कागदावर लिहिण्यासाठी विचारत होते. दाखला मी दिला, शिक्काही शाळेच्या बाईंकडून मारून आणला, पण मंडळाचा कारभार सुरू होऊन नोंदणी खरोखर चालू व्हायला 2011 उजाडले. तोवर मतदान कार्डाप्रमाणे खालाने साठी ओलांडली होती. कार्डावरचे वय बरोबर होते की मोजणाऱ्याने अंदाजाने टाकले होते, ते अल्लाहला माहीत. कायदा आला तेव्हा खालाचे वय गेले, आणि हक्क आला तेव्हा तिच्या थोरल्या नातीचे वय गेले. आमच्याकडे कायदे नेहमी दोन वर्षांनी उशिरा पोहोचतात.

घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 साली जो करार केला, त्याला भारताने मत दिले पण मंजुरी अजून दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट आखायला समिती नेमा. म्हणजे आजही सगळे घरातल्या बाईच्या इमानावरच आहे. माझे इमान केवढे होते ते वर लिहिलेच आहे.

2011 च्या अखेरीस खालाचे गुडघे गेले. जाताना आम्ही तिला पाच हजार रुपये आणि रजई दिली. मी निवृत्त होईन तेव्हा मला ग्रॅच्युइटी मिळेल, तिची आठ वर्षांची ग्रॅच्युइटी म्हणजे ती रजई. नंतर महिन्याला काहीतरी पाठवत राहिले, कधी पाचशे, कधी हजार, कधी विसरून गेले. 2018 मध्ये ती गेली. माझी मुलगी तेव्हा अकरावीच्या दाराशी होती. मय्यतीच्या घरी ती खालाच्या दोन्ही नातींच्या गळ्यात पडून रडली आणि धाकटीने तिला पाठीवर थोपटले. एका पाळण्यात झोपलेल्या त्या दोघी. एक पुढे अभियंता होणार, हे तेव्हाच दिसत होते. दुसरी मिरजेतच एका दवाखान्यात आईच्या जागी लागली होती.

वह्या मिटून मी भाचीला फोन केला. आकडा सांगितला. ती हसली, "सहाशे? काय सोन्याचे दिवस होते गं!" मग मी तिला बाकीचे सांगितले, निदान जेवढे फोनवर सांगता येते तेवढे. ती गप्प झाली. म्हणाली, "मग मी काय करू? नोकरी सोडू?" नाही, ते मी मुळीच म्हणणार नाही. माझ्या नोकरीने माझे घर उभे राहिले आणि ती नोकरी खालाच्या आठ वर्षांवर उभी होती. मुले सांभाळायला माणूस ठेवण्यात गुन्हा नाही. मी तिला एवढेच विचारले की जी बाई येईल तिचे मूल त्या बारा तासांत कुठे असेल, हे विचारलेस का? एजन्सीच्या फॉर्मात हा रकाना नसतो. पोलीस पडताळणी होते, आधार कार्ड घेतात, फोटो घेतात. म्हणजे ती कोण आहे याची खात्री आपण करून घेतो. आपण कोण आहोत हे तिला कोणी सांगत नाही.

भाची म्हणाली, "एजन्सी नको मग. तुझ्या ओळखीची कोणी आहे का? मिरजेची? इथेच राहील अशी."

ओळखीची आहे. खालाची थोरली नात. आता तिशी ओलांडलेली, दोन-तीन घरची मुले सांभाळून महिना नऊ हजार मिळवते. मुलांवर तिचा हात बसलेला आहे, नऊ वर्षांची असल्यापासून. तिचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता आणि मी चार दिवस तो नुसता बघत होते. कारण तिला एक मुलगी आहे आणि ती मुलगी चौथीत आहे.

शेवटी मी तिच्या घरी गेले. फोनवर विचारणे बरे वाटेना. चहा केला तिने. मी सगळे सांगितले, पुणे, बाळ सहा महिन्यांचे, राहायची खोली. तिने मध्ये एकदाही "खाला आप बोलो वैसा" असे म्हटले नाही, जे तिची नानी म्हणाली असती. ऐकून घेतले आणि बोटे मोडत सांगू लागली. बावीस हजार. मुलगी बरोबर येणार आणि जवळच्या शाळेत तिचे नाव त्यांनी घालून द्यायचे, मी कामाला लागायच्या आधी. आठवड्याला एक दिवस सुट्टी. आजारी पडले तर पगार कापायचा नाही.

"आणि खाडे?" मी विचारले. माझ्या तोंडून तो शब्द सहज निघाला.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "वही आपण ठेवायची नाही, बाजी. ठेवायचीच असेल तर मी ठेवीन."

मी जसेच्या तसे भाचीला कळवले. ती म्हणाली, नवऱ्याशी बोलून सांगते. अजून तिचा फोन आलेला नाही.